पंचनाम्यानंतरचे आईबाप : राज्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हाधिकारी
(जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने)

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषद शाळेतली निवृत्त शिक्षिका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली तेव्हा मी तिशीची होते. मला दोन लेकरं होती. उजाडलं तेव्हा एक उरलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील, काहींचा जन्मही झाला नसेल. पण तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या एका सहीनं आमच्या पुढच्या आयुष्यात काय काय ठरलं ते मी पाहिलंय. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय.

मागणं आधीच सांगून टाकते, कारण तुमच्याकडे वेळ कमी असतो. ज्यांचं मूल आपत्तीत गेलं, त्या आईबापांची फाईल सानुग्रह अनुदान दिल्यावर बंद करू नका. निदान पाच वर्षं ती उघडी ठेवा. आणि त्या पाच वर्षांत त्यांच्या दारात जाणारं माणूस एकच असू द्या, दर वेळी नवं नको.

एवढंच मागायला इतकं लांब पत्र कशाला, असं वाटेल. पण पाच वर्षं का, आणि एकच माणूस का, हे आमच्या घरातलं सांगितल्याशिवाय पटणार नाही.

आमच्या भागात १९९२ च्या पावसाळ्यापासूनच जमिनीतून आवाज यायचे, धक्के बसायचे. काही दिवस लोक भिऊन अंगणात झोपले, मग थंडी आली, सवय झाली, पुन्हा आत गेले. घरं म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडावर माती, दर पावसाळ्याआधी आणखी माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा घरी आले, काही जण देवळापुढच्या ओट्यावरच आडवे झाले आणि ते वाचले. आम्ही अंगणात होतो. धाकटीला सर्दी झाली होती, म्हणून मी तिला म्हणाले, "आज आत आजीजवळ नीज." ती पाच वर्षांची होती. बाहेर झोपायचा हट्ट करत होती.

सरकारी आकड्यांप्रमाणे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सात हजार नऊशेच्या वर माणसं गेली. त्यात माझी सासू आणि धाकटी आहेत. भूकंप नैसर्गिक होता हे मला शाळेतल्या मुलांना नकाशावर बोट ठेवून शिकवता येत होतं. पण रोज पहाटे चारच्या सुमाराला जाग आली की कानात माझंच वाक्य यायचं. आपत्तीत मूल गमावलेल्या जवळजवळ प्रत्येक आईबापाकडे असं एक वाक्य असतं. "मीच शाळेत पाठवलं." "मीच म्हणालो, आज राहा मामाकडे." "मीच दवाखाना बदलला नाही." हे वाक्य ते कुणाला सांगत नाहीत. पंचनाम्यात त्याला रकाना नसतो, आणि धीर द्यायला आलेल्यांसमोर ते तोंडातून निघत नाही. मला ते पहिल्यांदा बोलता आलं तेव्हा साडेतीन वर्षं उलटली होती. पाच वर्षं मी म्हणते ती इथून आली.

पहिले आठ दिवस मला नीट आठवत नाहीत. पाऊस आठवतो. सामुदायिक चिता आठवतात, आमच्याच घरांच्या लाकडांच्या. आणि प्रश्न आठवतात. मृताचं नाव, वय, लिंग, तुमच्याशी नातं. हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला, मोजलं नाही, पण प्रत्येक कार्यालयाचा माणूस वेगळा होता आणि प्रत्येकाची वही वेगळी होती. त्यांच्यातल्या कुणाचा मला राग नाही. तेही रात्र-रात्र झोपले नव्हते. एका तरुण कारकुनानं 'मुलगी, वय ५' लिहिलं आणि पेन खाली ठेवून तो उठून गेला, तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा आला आणि त्यानं पहिल्यापासून विचारलं. हे टाळता येतं. मृतांच्या नातेवाइकांचा जबाब एकदाच घ्यावा, एकानेच घ्यावा, आणि बाकीच्या खात्यांनी तो त्याच्याकडून घ्यावा. आता तर हे सगळं मोबाईलवर होऊ शकतं.

कॅमेरे तेव्हाही आले होते. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. धनादेश देतानाचा फोटो काढू नका, एवढंच या बाबतीत सांगते. आज राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मृताच्या वारसाला चार लाख रुपये मिळतात. ही रक्कम हातात घेणाऱ्या आईला काय होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आम्हाला मिळालेले पैसे पासबुकात पडून होते. त्यातून पहिला रुपया काढायला आम्हा नवराबायकोला सहा वर्षं लागली. काढला तेव्हा मुलाच्या शाळेच्या फीसाठीच काढला, आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. काही घरांत उलट झालं. पैशावरून भावाभावांत, सासू-सुनेत भांडणं लागली आणि ज्या सुनेचं लेकरू गेलं तीच घराबाहेर पडली. म्हणून पैसे दोघांच्या संयुक्त खात्यावर जावेत आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी त्या घरात डोकावून यावं. हिशेब मागायला जाऊ नये, घरातली माणसं बरी आहेत का एवढं बघून यावं.

लोक काय बोलतात तेही लिहिते, कारण तुमचे तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील हेच लोक आहेत. "देवाला आवडलं ते नेलं." "एक तरी राहिलं ना, त्याच्याकडं बघ." "अजून वय आहे तुमचं." आणि मला सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं, "पोरगा वाचला हे नशीब." म्हणजे पोरगी गेली ते चालण्यासारखं. आपल्याकडे पुत्रशोक म्हटलं की दशरथ आठवतो, गांधारी आठवते. लेकीच्या शोकाला तर वेगळा शब्दही पडलेला नाही. माझ्या शेजारणीच्या दोन मुली गेल्या, मुलगा परगावी शिकायला होता म्हणून वाचला. तिला तर कुणी रडूही दिलं नाही.

"अजून वय आहे" हे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसायची. आमच्या पिढीतल्या बायकांची दुसऱ्या-तिसऱ्या लेकरानंतर शिबिरात नेऊन ऑपरेशनं झाली होती. लेकरं गेल्यावर त्यातल्या काही जणी ते परत जोडून मिळेल का म्हणून दवाखान्याच्या चकरा मारत होत्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारनं अशा आईबापांसाठी नळी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत केली होती. चांगलं केलं. पण मला आमच्याकडचं आठवतं. ज्यांना पुढे मूल झालं त्यांतल्या दोघींनी त्या मुलाला गेलेल्याचंच नाव ठेवलं, आणि ते पोर आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या तरी जागी जगत राहिलं. ऑपरेशनच्या आधी कुणीतरी त्या बाईशी चार वेळा बसून बोलायला हवं होतं. डॉक्टरांनी पोट तपासलं. तिच्या मनात काय चाललंय हे कुणी विचारलं नाही.

आता जून १९९४ बद्दल. तुम्ही आपत्तीचं कॅलेंडर पावसाळ्यावर लावता. आईबापांचं कॅलेंडर वेगळं असतं. माझी धाकटी त्या जूनमध्ये पहिलीत बसणार होती. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू झाली होती आणि पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला. हजेरीपट मलाच भरायचा होता. अंगणवाडीतून आलेल्या नावांच्या यादीत तिच्याबरोबर खेळलेली सगळी होती, जी उरली होती ती. मी नावं लिहिली. एकोणीस नावं झाली. मग मी शेडच्या मागे जाऊन बसले आणि त्या दिवशी वर्ग घेतला नाही. केंद्रप्रमुख आले होते, त्यांनी काही न बोलता मुलांना कविता शिकवली. भूकंपाला तोवर नऊ महिने होत आले होते. मदतीची वाहनं येणं थांबलं होतं, समुपदेशनाला आलेली मंडळी केव्हाच परत गेली होती, आणि माझं खरं दुखणं त्या दिवशी सुरू झालं.

मी ज्या-ज्या आईबापांशी पुढे बोलले, प्रत्येकाचा असा एक दिवस होता आणि तो आपत्तीनंतर लगेच आलेला नव्हता. वाढदिवस. दहावीचा निकाल, ज्या वर्षी तिचा लागला असता. तिच्या वयाच्या मुलीचं लग्न. एका बापाला तर मुलगा गेल्यानंतर अकरा वर्षांनी, मतदार यादीत मुलाच्या बरोबरच्यांची नावं चढली तेव्हा झालं. आकडा पाच वर्षांचा मागतेय तो खरं तर कमीच आहे.

बापांबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आई रडते म्हणून तिच्याभोवती बायका जमतात. बाप तुमच्या रांगेत उभा असतो. ताडपत्री, रेशन, यादीत नाव, प्लॉटची चिठ्ठी. माझे यजमान चितेला अग्नी देऊन आले ते थेट ढिगाऱ्यावर गेले आणि तीन दिवस दुसऱ्यांची माणसं काढत राहिले. सगळे म्हणाले, केवढा खंबीर माणूस. नंतर ते बोलायचेच बंद झाले. वर्षभरानं रात्री बाटली यायला लागली. ज्यानं कधी सुपारी खाल्ली नव्हती त्याच्याकडून हे बघताना मी चिडायचे. माझं चिडणंही दुःखच होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. आम्ही एकमेकांना दोष देत नव्हतो, पण एकमेकांकडे बघतही नव्हतो, कारण बघितलं की ती दिसायची. कुणीतरी तिसरं माणूस घरात येऊन बसायला हवं होतं.

ते तिसरं माणूस आमच्याकडे आलं, पण मानसिक आरोग्याच्या नावानं आलं नाही. पुनर्वसनाच्या कामात ज्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथं लोकांचा सहभाग असावा म्हणून शासनानं स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला नेमलं होतं. गावोगावच्या महिला मंडळातल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. त्यांचं काम होतं घरोघर जाऊन अनुदानाचे हप्ते, सिमेंट, भिंतींचे कोपरे कसे बांधायचे हे समजावणं. माझ्या माहेरच्या गावात माझी चुलत बहीण हे काम करायची. ती मला सांगायची, "अगं, अर्धा तास सिमेंटचं बोलतो आणि मग बाई लेकराचं काढते. मग आम्ही सगळ्याच रडतो आणि मग पुन्हा सिमेंटचं बोलतो." महिन्या-महिन्यानं त्याच बायका त्याच घरी जात होत्या. त्यांना कुणी मानसोपचार शिकवला नव्हता. तीच बाई, ठरलेल्या कामानं, पुन्हा दारात येते आणि तिला घाई नसते, एवढ्यावरच ते चाललं. मी सुट्टीत माहेरी जायचे तेव्हा त्यांच्या बैठकीत जाऊन बसू लागले. माझं ते वाक्य, "आत आजीजवळ नीज", मी पहिल्यांदा तिथं बोलले. एकजण म्हणाली, "मी पण असंच म्हणले होते, माय." तिनं पुढे काही समजावलं नाही. तिच्या मुलाबद्दल सांगितलं.

यजमानांना असं कुणी भेटलं नाही. बापांसाठी काहीतरी हाताचं काम हवं, एकत्र बसून करायचं. शाळेची भिंत, झाडं लावणं, काहीही. त्या कामावर असा एक माणूस हवा ज्याचं स्वतःचं काही गेलेलं आहे.

जिथं गावं उठवून नव्या जागी नेली तिथं आणखी एक झालं. जमिनीच्या मापाप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं, सरळ रेषेतले रुंद रस्ते. घरं पक्की होती, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण जुनी गल्ली तुटली. माझ्या मुलीला जिनं अंगाखांद्यावर खेळवलं ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिच्याजागी आलेल्यांना माझी मुलगी माहीतच नव्हती. गेलेल्या लेकराबद्दल बोलायला लागतं ते त्याला ओळखणाऱ्या माणसापाशी. पुनर्वसनाचा नकाशा काढताना कृपा करून शेजार मोडू नका.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळ इरशाळवाडीवर दरड आली. चार दिवसांत सत्तावीस मृतदेह हाती लागले, मग शोध थांबवला, सत्तावन्न माणसं मातीतच राहिली. शोध थांबवण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, त्या डोंगरावर यंत्रं चढत नव्हती आणि पाऊस थांबत नव्हता. पण आम्हाला निदान चिता तरी दिसली. जिला तेही दिसलं नाही, तिला रात्री दाराचा आवाज झाला की काय वाटत असेल? तिथं गेल्यावर तिला "आता विसर" म्हणणारा माणूस पाठवू नका. त्या जागी जाऊन बसायचं असेल तर जाऊ द्या, सुरक्षित असेल त्या दिवशी तुमच्या गाडीनं न्या.

आणि भंडारा. ९ जानेवारी २०२१ ची मध्यरात्र उलटून गेल्यावर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. चौकशी, निलंबन, अग्निसुरक्षेची तपासणी या सगळ्याबद्दल खूप लिहिलं गेलं, ते लिहायलाच हवं होतं. मी त्या दहा आयांचा विचार करत होते. अशा कक्षातल्या बाळाला बहुतेकदा नावही ठेवलेलं नसतं. आईच्या नावापुढे 'चे बाळ' एवढीच चिठ्ठी असते. बाळ गेलं तरी आईला दूध येतच राहतं. छाती दाटते, ताप येतो, अंगावरचा कपडा भिजतो आणि प्रत्येक वेळी तिला आठवतं. हे कसं थांबवायचं ते सांगायला त्या आठवड्यात घरी एक नर्सबाई गेली पाहिजे. मनाचं आरोग्य वगैरे मोठे शब्द नंतर, आधी हे. तिथं लोक सहज म्हणतात, "चार दिवसांचंच तर होतं." चार दिवसांचं होतं, म्हणून तर तिच्याकडे आठवायलाही काही नाही. एखादं दुपटं, पायाचा ठसा, केसाची बट, जे काही उरलं असेल ते जपून आईबापांना द्या. पुरावा म्हणून जप्त केलं असेल तर काम झाल्यावर आठवणीनं परत करा.

परदेशातही असंच झालंय. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या अॅबरफॅन गावात कोळसाखाणीच्या मातीचा ढीग पावसानं घसरून शाळेवर आला. ११६ मुलं गेली. मी शिक्षिका, त्यामुळे ही घटना वाचली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतून पालकांना पैसे देण्याआधी, ते आपल्या मुलाच्या खरंच जवळ होते का, म्हणजे त्यांना मानसिक त्रास होण्यासारखा आहे का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावं, असं तिथल्या धर्मादाय आयोगानं सुचवलं होतं. सरकार वाईट नसतानाही कागद माणसाला कुठवर नेऊ शकतो हे मला त्यातून समजलं.

आता तुमच्या हातात काय आहे ते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं बारावं कलम मी वाचलंय. मदतीच्या किमान निकषांत निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा, स्वच्छता आहे, आणि विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद करा असं स्पष्ट म्हटलंय. मूल गेलेल्या आईबापांचा त्यात उल्लेख नाही. पण "आवश्यक ती इतर मदत" असंही तिथं आहे, आणि ते वाक्य तुमच्यासाठीच ठेवलेलं आहे. आपत्तीतल्या मानसिक-सामाजिक आधारासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क झाला. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. फोनवर मानसिक आधार देणाऱ्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, दिवसरात्र, मोफत. आमच्या वेळी यातलं काहीही नव्हतं. मन बिघडलं म्हणजे "येरवड्याला नेऊन घाला" एवढंच लोकांना माहीत होतं, आणि त्या भीतीनं कुणी तोंड उघडत नसे.

पण क्रमांकाचा फलक छावणीत लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. ज्या बाईला उठून पाणी प्यायचं सुचत नाही ती अनोळखी माणसाला फोन लावणार नाही. तिच्या ओळखीच्या कुणीतरी शेजारी बसून तो लावून द्यायला हवा. आमच्या वेळी आशाताईही नव्हत्या. आता प्रत्येक गावात, वाडीवर आहेत. त्यांच्यावर आधीच किती कामं लादली आहेत हे मला माहीत आहे, म्हणून या कामाचं वेगळं मानधन द्या आणि ते वेळेवर द्या. त्यांना आठवडाभराचं शिक्षण जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडून मिळावं. झोप पूर्ण गेली, जेवण सुटलं, मरणाचं बोलणं सुरू झालं, दारू वाढली, तर कधी आणि कुणाकडे न्यायचं, एवढं त्यांना पक्कं कळलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये एकवीस हजारांवर पालकांचा अभ्यास झाला, २००३ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मूल गेलेल्या आयांमध्ये पहिल्या तीन वर्षांत अपघात, आत्महत्या अशा मृत्यूंचं प्रमाण इतर आयांच्या जवळपास चौपट होतं. तीन वर्षं. तुमची फाईल तेव्हा कधीच अभिलेखागारात गेलेली असते.

पहिल्या आठवड्यात मात्र कुणालाही धरून बसवून "काय झालं ते सांगा, मन मोकळं करा" असं करायला लावू नका. एकाच बैठकीत सगळं उकरून काढायची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. त्या दिवसांत पाणी, कोरडं लुगडं, उरलेलं मूल कुठे आहे याची खबर आणि शेजारी बसलेलं माणूस पुरतं. बोलणं पुढे येतं, आपल्या वेळेनं.

उरलेल्या मुलांबद्दल सांगितलं नाही तर माझ्या मुलाचा मी अपराध करेन. तो आठ वर्षांचा होता. आम्ही त्याला विहिरीवर जाऊ दिलं नाही, सहलीला पाठवलं नाही, माळवदाच्या घरात तर सोडाच, स्लॅबच्या घरातही रात्री दार बंद करू दिलं नाही. बहिणीचं नाव त्याच्यापुढे काढलं नाही. त्याला वाटायचं आम्ही तिला विसरलो. चाळिशी जवळ आल्यावर तो मला म्हणाला, "आई, मला वाटायचं की मी गेलो असतो तर तुम्ही कमी रडला असता." मी तीस वर्षं शाळेत मुलांना वाचलं आणि घरातलं मूल मला वाचता आलं नाही. गावातल्या शाळेच्या शिक्षकांना या पाच वर्षांच्या कामात बरोबर घ्या. अशी मुलं त्यांच्यापुढे रोज बसलेली असतात.

दर वर्षी ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. मी काही वर्षं गेले. हल्ली त्या पहाटे आम्ही सहा-सात जणी एकीच्या घरी जमतो. चहा करतो, चार वाजतात, मग एकेक जण आपल्या लेकराचं काहीतरी सांगते. तेच ते सांगतो, पुन्हा पुन्हा. माझी धाकटी 'चिमणी' म्हणता येत नव्हतं म्हणून 'चिपणी' म्हणायची, हे त्यांना सगळ्यांना पाठ आहे. तिचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. कुणी समोर बसून विचारलं तर सांगते, आणि विचारलेलं आवडतं.

आमच्यातली सगळ्यात लहान आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या जिल्ह्यात कुठे दरड आली, पूर आला, आग लागली, आणि एखाद्या घरात आईबाप बसून असतील, तर आम्हाला निरोप द्या. तलाठ्यापर्यंत आला तरी आमच्यापर्यंत पोचतो. आम्ही एसटीनं येऊ. लगेच नको, गर्दी ओसरली की, महिन्या-दीड महिन्यानं. मग पुन्हा जूनमध्ये येऊ, आणि वर्षाच्या दिवशी. राहायची सोय शाळेच्या खोलीत केली तरी चालेल, सतरंज्या आमच्या आम्ही आणू.

आपली,
लातूर जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका